ऊब आणि ओल : हिवाळ्यातील नौकाविहाराविषयी चार शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत, हिवाळी सहलीच्या आधीच्या रविवारी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यवाहांनी या व्याख्यानाचा विषय आम्हास कळविला, तेव्हा आम्हास थोडेसे हसू आले. नौकाविहार म्हटला की मराठी मनासमोर उभे राहते ते कोजागिरीचे चांदणे, आटीव दुधाचा पेला आणि एखादे भावगीत. त्या चित्रात कानटोपी, लोकरी मोजे आणि थर्मास यांना जागा नसते. परंतु आपली सहल कोजागिरीला नाही, ती संक्रांतीच्या सुमारास आहे. आणि ती कोयनेच्या जलाशयावर नाही, यमुनेवर आहे. तेव्हा हसू आवरून या विषयाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे, असे आमच्या ध्यानी आले.

आरंभीच एक सांगितले पाहिजे. आम्ही डॉक्टर नव्हे, नौदलातले अधिकारीही नव्हे. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, तेही इतिहास हा विषय घेऊन. आणि हयात गेली ती सरकारी फायलींच्या सहवासात. मात्र गेली तीस वर्षे आम्ही या राजधानीत आहोत, आणि पक्षी पाहण्याच्या छंदापायी त्यांतील बरेचसे हिवाळे पहाटेच्या वेळी यमुनेच्या काठी अथवा पात्रात काढले आहेत. या काळात जे पाहिले आणि जाणकारांकडून व पुस्तकांतून जे समजून घेतले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

दिल्लीच्या थंडीची एक गंमत आहे. ती दुपारी बारा वाजता नसते. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा भर दुपारी इंडिया गेटच्या हिरवळीवर उन्हात बसून शेंगा सोलतो आणि म्हणतो, ‘‘काय तुम्ही दिल्लीकर थंडीचे एवढे कौतुक सांगता!’’ त्याच पाहुण्याला पहाटे सहा वाजता घाटावर उभे करावे. सफदरजंग वेधशाळेत जानेवारीतील पहाटेचे तापमान सरासरीने ७-८ अंश सेल्सिअस असते; पण सरासरी ही मोठी फसवी चीज आहे. याच वेधशाळेने १६ जानेवारी १९३५ रोजी शून्याखाली ०.६ अंश नोंदविले, ८ जानेवारी २००६ रोजी ०.२ अंश आणि १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश. ३० डिसेंबर २०१९ रोजी तर दिवसाचे कमाल तापमानच ९.४ अंशांच्या वर चढले नाही. दुपारचा तो शेंगा सोलणारा सूर्य त्या दिवशी उगवून न उगवल्यासारखाच होता.

आपल्या माणसांना यमुनाकाठच्या या कडाक्याची ओळख काही आजची नाही. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले, ते वजिराबादच्या उत्तरेस, बुराडी घाटाच्या परिसरात. हिवाळ्यात यमुनेचे पाणी ओसरते, पात्रात बेटे उघडी पडतात आणि त्यांवर गवताची दाट बने माजतात. त्या बनांच्या आडोशाने शत्रू नदी उतरून आला. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर जे झाले ते येथे नव्याने सांगावयास नको. दक्षिणेतून आलेली ती फौज उपासमारीने खंगलेली होती आणि उत्तरेचा हिवाळा तिच्या अंगावर होता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हास नेहमी वाटते, की आपण मराठी माणसे या नदीच्या बाबतीत दोन गोष्टी पुन्हापुन्हा विसरतो. एक, हिवाळ्यातली उथळ यमुना दिसते तितकी सोपी नसते; आणि दुसरी, आपली अंगे येथल्या थंडीत घडलेली नसतात. असो.

मग अशा थंडीत नदीवर जावयाचेच कशाला? त्याचे उत्तर पक्षी देतात. नोव्हेंबर लागला की निगमबोध घाट आणि यमुना बाजार यांच्यासमोरच्या पाण्यावर शेकडो कुरव पक्षी उतरतात. घाटावरचे नावाडी त्यांना सरसकट ‘सायबेरियाचे पक्षी’ म्हणतात. त्यांत काळ्या डोक्याचे कुरव असतात, तपकिरी डोक्याचे असतात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि मध्य आशियातील उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी वीण करतात. हिवाळ्यात हेच पक्षी आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरही उतरतात. त्यामुळे दादर-माहीमच्या वाळूत बालपण गेलेल्या दिल्लीकर मराठी माणसाला ते माहेरचे कोणी भेटल्यासारखे वाटतात. तेव्हा सहलीला आमचा विरोध मुळीच नाही. सहल व्हावी, पण ती नीट व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आजच्या सगळ्या बोलण्याचे सार आम्हास एका वाक्यात सांगावयाचे झाले तर ते असे, की पाण्यावर माणसाला थंडीपेक्षा ओल अधिक छळते. साहित्यालाही तीच छळते. ज्याने ओल दूर ठेवली त्याने निम्मी लढाई जिंकली.

याचे कारण साधे आहे. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते आणि ते राखण्यासाठी शरीर सतत उष्णता निर्माण करीत असते. कोरडी, स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणजे जी ऊब कोरड्या हवेत सावकाश निसटते, ती ओल्या कपड्यातून भराभर पळते. त्यात वारा मिळाला की ओल्या कपड्यातील पाणी वाफ होऊन उडू लागते आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. मडक्यातले पाणी उन्हाळ्यात गार होते ते ज्या न्यायाने, त्याच न्यायाने ओल्या सदऱ्यातला माणूस हिवाळ्यात गार पडतो.

आणि नावेत ओल केवळ पाण्यात पडल्यानेच लागते असे नाही. वल्ह्याचे तुषार उडतात. नावेच्या तळाशी ओंजळ-दोन ओंजळ पाणी नेहमीच साचलेले असते आणि आपले पाय नेमके त्यातच असतात. बसण्याची फळी दवाने भिजलेली असते. धुके तर लोकरीच्या शालीवर बारीक मोत्यांसारखे चढत राहते आणि अर्ध्या तासात शाल जड होते. शिवाय घाटाच्या पायऱ्या लगबगीने उतरताना आलेला घामही ओलच होय. जाणते लोक म्हणूनच थंडीत घाम येईल इतके कपडे घालून चालत नाहीत. चालताना एक कपडा काढतात आणि नावेत बसल्यावर पुन्हा चढवितात.

आजकाल तरुण मंडळी डोंगरावर अथवा नदीवर जाताना कपड्यांचे तीन थर घालावेत असे सांगतात. अंगाला लागून घाम शोषून बाहेर टाकणारा थर, मध्ये ऊब धरणारा आणि वरती वारा-पाणी अडविणारा. हे शास्त्र नवे म्हणून सांगितले जाते, पण आपल्या मुलखाला ते ठाऊक नव्हते असे नाही. भर पावसात माळावर मेंढरे राखणारा धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतो. मावळात आणि कोकणात भातलावणी करणारा शेतकरी पानांचे आणि बांबूच्या कामट्यांचे इरले पाठीवर घेतो. घोंगडी ऊब धरते, इरले पाणी अडविते. लोकरीचा मोठा गुण असा, की तिच्या कुरळ्या तंतूंत हवा कोंडलेली राहते आणि ती भिजली तरी बरीचशी ऊब शाबूत ठेवते. घोंगडी आत आणि इरले बाहेर, हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे तीन थरांचे सगळे शास्त्र ध्यानात राहील. आपले कुरव पक्षी तरी याहून वेगळे काय करतात? कातडीलगत मऊ पिसांची गादी, तिच्यात कोंडलेली हवा, आणि वरच्या पिसांवर चोचीने फिरविलेले तेल. लडाखहून आलेला तो पाहुणा बर्फाळ पाण्यावर निवांत बसू शकतो, तो याच बळावर.

या सूत्रात न बसणारे वस्त्र म्हणजे सुती वस्त्र, आणि दुर्दैवाने आपले सर्वाधिक प्रेम सुतावरच आहे. उन्हाळ्यात सुतासारखे सुख नाही. पण भिजलेले सूत हवा सोडून पाणी धरते, लवकर वाळत नाही आणि अंगाला चिकटून ऊब शोषीत राहते. यास्तव सहलीच्या दिवशी अंगालगत सुती गंजीफ्रॉक टाळावा; बाजारात मिळणारे पातळ लोकरी अथवा कृत्रिम धाग्याचे अंतर्वस्त्र घालावे. त्यावर लोकरी स्वेटर, आणि सर्वांत वर पाणी न झिरपणारे जाकीट. जीन्सची विजार तर नावेत बसताना घरीच ठेवावी, कारण ती एकदा भिजली की दिवसभर भिजलेलीच राहते. भगिनींना आमची नम्र विनंती अशी, की त्या दिवसापुरती साडी बाजूस ठेवून लोकरी विजार अथवा सलवार घालावी. साडीचा घोळ आणि लांब शाल नावेत पायांत अडकते, आणि पाण्यात तर फारच धोक्याची ठरते. डोक्यास कानटोपी, गळ्यास घट्ट गुंडाळून आत खोवलेला मफलर, हातांत मोजे. पायांत दोन जोड मोजे असले तरी बूट घट्ट होता कामा नयेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि ऊबही टिकत नाही. बसावयास एखादा लाकडी पाट अथवा रबरी चटईचा तुकडा बरोबर घ्यावा. वस्तू क्षुल्लक आहे, पण ओल्या फळीपासून ती आपणांस तोडते.

आणि एक वस्तू प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, आणावी. ती म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल. तो वापरावा लागला नाही तर उत्तमच. वापरावा लागला तर त्याच्याइतकी मोलाची वस्तू त्या घाटावर दुसरी नसेल.

आता बंधुभगिनींनो, थोडे कठोर बोलावे लागते. माणूस थंड पाण्यात पडला म्हणजे काय होते, हे कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अनेक प्रयोगांनी दाखवून दिले आहे. त्यांनी सांगितलेले सूत्र एक, दहा आणि एक असे आहे. पहिले एक मिनिट श्वास अनावर होतो. माणूस जोराने धापा टाकतो आणि तोंड पाण्याखाली असले तर पहिल्याच घोटात गुदमरतो. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात. मग बोटे ताठरतात, दोर धरवत नाही, पोहणाऱ्यालाही पोहता येत नाही. आणि शरीर आतून गार पडून शुद्ध हरपावयास साधारण एक तास लागतो. हे आकडे बर्फासारख्या पाण्याचे आहेत. पाणी जितके कमी गार तितका अवधी वाढतो. पण पाणी १५ अंशांच्या खाली गेले की पहिल्या मिनिटाचा तो धक्का चांगलाच जोराचा असतो. याचा अर्थ असा, की थंड पाण्यात बुडणारी बरीच माणसे गारठून मरण्याच्या आधीच, पहिल्या काही मिनिटांत, श्वास आणि हातपाय हाती न राहिल्याने बुडतात. ज्याच्या अंगावर तरंगते जाकीट आहे त्याचे तोंड पाण्याबाहेर राहते आणि तो पहिले मिनिट निभावून नेतो. धापा टाकणे थांबेपर्यंत धडपड करू नये, शांतपणे तरंगत राहावे, मग नावेला धरावे. गुडघे छातीशी घ्यावेत, अनेक जण असतील तर एकमेकांना बिलगून राहावे.

जाकीट सर्व काही करते असेही नाही. १५ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हा पाण्यात उतरलेल्या अनेकांच्या अंगावर जाकिटे होती. परंतु पाणी शून्याच्याही खाली होते आणि मदत यावयास उशीर झाला. म्हणून जाकीटही हवे आणि चटकन बाहेर काढणारी माणसेही जवळ हवीत. आपल्या दोन नावा एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर राहाव्यात, एकीने दुसरीला मागे टाकून पुढे जाऊ नये, ही सूचना आम्ही याच कारणाने करीत आहोत.

आणि हे सर्व परक्या देशांतलेच आहे असे कोणी समजू नये. १४ जानेवारी २०१७ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, पाटण्यास गंगेत पतंगोत्सवाहून परतणाऱ्या लोकांची नाव उलटली आणि वीसहून अधिक माणसे गेली. नावेत माणसे क्षमतेबाहेर भरली होती. सणाचा दिवस, परतण्याची घाई, ‘आणखी दोघे मावतील’ हा आग्रह. यांतले काहीही आपणांस परके नाही.

जाकीट अंगात घालावयाचे असते, मांडीवर ठेवावयाचे नसते. ते सर्व कपड्यांच्या वर यावे. पट्टे बांधून दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून पाहावे. हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे. लहान मुलांना मोठ्यांचे जाकीट चालत नाही, कारण मूल त्यातून खाली निसटते. त्यांच्यासाठी मांड्यांमधून घ्यावयाचा पट्टा असलेले लहान जाकीट हवे.

कोणाचे अंग गार पडत आहे हे ओळखावे कसे? आपल्या भाषेने हे फार पूर्वीच टिपून ठेवले आहे. बोबडी वळणे, दातखीळ बसणे, हे शब्दप्रयोग आपण भीतीसाठी वापरतो. पण थंडीनेही नेमके तेच होते. प्रथम हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, बोटांना गुंडी लावता येत नाही, चाल लडखडते, माणूस चिडचिडा अथवा गप्प होतो. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की ही अवस्था धोक्याची समजतात. आणि लक्षात ठेवा, हुडहुडी थांबली पण माणूस मलूल झाला, तर तो बरा होत नसून अधिक गार पडत आहे. अशा वेळी त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावे, ब्लँकेटात गुंडाळावे, डोके झाकावे. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम, गोड चहा द्यावा. हातपाय जोराने चोळू नयेत. उगाच चालवू नये. शेकोटीपाशी अगदी जवळ नेऊ नये. आणि त्वरित रुग्णालयात न्यावे. ब्रँडीच्या घोटाने ऊब येते हा समज मोडून काढला पाहिजे. मद्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा गरम वाटतो, आणि आतली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते.

याच ओघात निखाऱ्यांविषयी एक इशारा. काश्मिरात दल सरोवरावरचा नावाडी फेरनच्या आत कांगडी घेऊन शिकारा वल्हवितो, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. ती त्याची जन्माची सवय आहे. आपण मात्र कृत्रिम धाग्याच्या कपड्यांत निखारे बाळगू नयेत. तो कपडा पेटतो आणि वितळून कातडीला चिकटतो. हाउसबोटीत अथवा घरात, खिडक्या बंद करून शेगडी पेटती ठेवून निजणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. तिच्या विषारी वायूला वास नसतो. दिल्लीच्या हिवाळ्यात त्याने माणसे झोपेतच गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

सोबत खाण्यापिण्याचे काय न्यावे, हे मराठी गृहिणीला आम्ही सांगण्याची गरज नाही. संक्रांतीचे तीळ-गूळ, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी. थंडीत शरीराच्या भट्टीला जे सरपण लागते तेच आपल्या पूर्वजांनी पौषाच्या ताटात वाढून ठेवले आहे. निघण्यापूर्वी पोटभर खावे, थर्मासमध्ये आल्याचा चहा घ्यावा आणि तहान नसली तरी पाणी प्यावे.

या साऱ्या गोष्टी सर्वांना लागू असल्या तरी सभागृहातील पहिल्या दोन रांगांकडे पाहून आम्हास विशेष बोलावेसे वाटते. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभे केले, ती मंडळी तेव्हा पंचविशी-तिशीत होती. आज त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे. वय वाढले की शरीराची हुडहुडी मंदावते, थंडीची जाणीव उशिरा होते, आणि गार हवेत रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने रक्तदाब चढतो. हृदयविकार अथवा रक्तदाब असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून पहाटेच्या नावेत पाऊल ठेवू नये. त्यांच्यासाठी घाटावर उन्हात खुर्च्या मांडाव्यात. कुरव तेथूनही उत्तम दिसतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात या वडीलधाऱ्यांना नावेत बसविण्याचा उत्साह आम्ही समजू शकतो, पण त्यांना सुखरूप घरी पोचविणे हा त्यांचा अधिक मोठा सत्कार आहे.

आता साहित्याकडे वळू. येथेही शत्रू ओलच आहे.

दुर्बीण आणि कॅमेरा थंड हवेत फारसे बिघडत नाहीत. बिघडतात ते परतल्यावर. दोन तास गारठलेली काच उबदार मोटारीत अथवा घरात आणली, की घरातल्या हवेतले बाष्प तिच्यावर आणि तिच्या आतही दव होऊन बसते. आत शिरलेल्या त्या ओलीतून पुढे भिंगावर बुरशीची जाळी धरते, आणि तिने कोरलेले भिंग पूर्ववत होत नाही. उपाय सोपा आहे. नदीकाठीच, थंड हवेत असतानाच, कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा, घरी आणून तसाच दोन-तीन तास ठेवावा, आणि तो खोलीइतका उबदार झाल्यावरच पिशवी उघडावी. दव पडेल ते पिशवीवर पडेल. कपाटात ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या जवळ असू द्याव्यात.

बॅटऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना खुद्द थंडीच बाधते. आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरी रिकामी असल्यासारखी वागते. म्हणून जादा बॅटरी आणि मोबाइल फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. नावेत प्रसंग ओढवला तर मदत बोलाविण्याचे साधन तोच फोन आहे. छायाचित्रे काढण्यात त्याचा जीव घालवू नये. हिमालयात जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे, की लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली असताना चार्ज केल्यास तिला कायमची इजा होते. आधी ती उबवावी, मग चार्ज करावी.

मंडळातील काही तरुण सभासद गुडगाव-नोएडाहून ऋषिकेश अथवा नैनितालला वल्हविण्यास जातात, आणि काहींनी हवा भरावयाच्या छोट्या नावाही घेतल्या आहेत, असे समजते. ऋषिकेशची गंगा बर्फातून येते, तेव्हा वर सांगितलेले एक-दहा-एकचे सूत्र तेथे अधिकच खरे मानावे. नाव परत आणल्यावर गोड्या, स्वच्छ पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि मगच घडी घालावी. ओली घडी महिनाभरात कुजट वास आणि बुरशी देते. जाकिटेही सावलीतच वाळवावीत. हीटरपुढे धरलेल्या जाकिटाचा आतला फोम आकसतो आणि त्याची तरंगण्याची शक्ती घटते, पण वरून ते नव्यासारखेच दिसते. ज्यांच्याकडे यांत्रिक नाव आहे त्यांनी डोंगराळ भागात हिवाळ्यासाठी ती बंद करताना इंजिनातले पाणी काढून टाकावे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि लोखंडाचेही त्याच्यापुढे चालत नाही.

कोकणातला कोळी पावसाळा लागताच होडी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यात घालतो. उत्तरेत तीच विश्रांती थंडी देते. ऋतू निराळा, पण साधनाला विसावा द्यावा आणि कोरडे ठेवून द्यावा, ही शहाणीव एकच.

या संदर्भात एका मराठी नावाचा अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. ही नौका गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघालेले दोंदे मे २०१० मध्ये मुंबईस परतले, आणि वाटेत दक्षिण गोलार्धातील त्या गार, वादळी समुद्रांतून गेले जेथे हाकेला ओ देणारे कोणी नसते. अशा प्रवासात शौर्याइतकीच तयारीही लागते. प्रत्येक दोर, प्रत्येक कपडा, प्रत्येक यंत्र आधी तपासलेले असावे लागते. मराठी माणूस पाण्याला भितो हा आरोप या एका प्रवासाने खोटा पाडला. आणि मराठी माणूस तयारी न करता निघतो हा आरोप खोटा पाडणे आपल्या हाती आहे.

शेवटी, सहलीच्या दिवसासाठी कार्यकारिणीला आमची तीन मागणी आहेत, आणि सरकारी माणसाच्या सवयीने ती क्रमांकवार मांडतो. एक : धुके पूर्ण उठून पैलतीर स्पष्ट दिसेपर्यंत एकही नाव सोडू नये, मग नऊ वाजोत की अकरा. दोन : जितकी मापाची जाकिटे, तितकीच माणसे नावेत. तीन : प्रत्येक नावेत एका जबाबदार सभासदाकडे शिटी, कोरडी ब्लँकेटे आणि माणसांची यादी असावी.

या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर घाटावर तिळगूळ वाटावा, पक्षी पाहावेत आणि परत फिरावे. ‘इथवर आलोच आहोत तर’ हे आपल्या लोकांचे मोठे आवडते वाक्य आहे. देवदर्शनाच्या रांगेत ते शोभते, नदीकाठी शोभत नाही. बाहेरगावी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना येथे चुलता-मामा जवळ नसतो. अडचणीच्या वेळी धावून येणारे गाव म्हणजे हे मंडळच. तेव्हा कोणाच्या घरचे मूल अथवा म्हातारे माणूस त्या दिवशी नावेत बसेल, ते आपल्या साऱ्यांच्याच घरचे आहे असे समजून नाव सोडावी.

कुरव मार्चपर्यंत येथेच आहेत. या रविवारी धुके उठले नाही तर पुढच्या रविवारी उठेल.